रोल नंबर एकसष्ट

"मी तुझा बाप आहे हे कुणाला सांगायचं नाही. एवढंच ना?" एसटीतून उतरता उतरता आण्णांनी विचारलं.

"तसं नाही, आण्णा."

"मग कसं?"

आण्णांनी धोतराचा सोगा सावरला, काखेतलं पुस्तक या काखेतून त्या काखेत घेतलं आणि कॉलेजच्या कमानीकडं बघितलं. कमानीवर संस्थापकांचा फोटो होता. संस्थापकांचा मूळ व्यवसाय साखर कारखाना. त्याच माळावर त्यांनी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं होतं. एका धुराड्याखालून साखर निघे, दुसऱ्या इमारतीतून इंजिनिअर. साखरेचा उतारा अकरा टक्के होता. इंजिनिअरांचा त्याहून थोडा कमी.

"माझ्या वर्गातली पोरं माझ्यापेक्षा वर्षानं लहान आहेत," मी म्हणालो. "आधीच मी इयर डाऊनवाला. त्यात गणिताच्या मास्तरांचा मुलगा गणितात नापास झालेला, हे कळलं तर..."

"होय की," आण्णा म्हणाले. "त्यात माझंही नुकसानच आहे. कोण पाठवणार पोरं माझ्याकडं? मी नाही सांगत. तूही नको सांगू."

ते चेष्टा करत होते की खरंच बोलत होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच कळायचं नाही. वर्गातही तसंच. आठवी ते दहावी मी त्यांच्याच वर्गात होतो आणि तीन वर्षं त्यांना 'सर' म्हणत होतो. घरी आल्यावर परत आण्णा. ते चपला काढायचे, तेव्हा बदल व्हायचा.

मी त्या वर्षी एम-टू दुसऱ्यांदा शिकत होतो. एम-टू म्हणजे पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्राचं गणित, त्यातला मोठा भाग कॅलक्युलस. पहिल्या खेपेला मला शंभरात अकरा पडले, ऑक्टोबरात सत्तावीस. पाहुणे विचारत तेव्हा आण्णा सांगत, "प्रगती आहे." एम-टूच्या जोडीला आणखी तीन विषय राहिल्यानं वर्ष गेलं, आणि जानेवारीपासून मी नव्या पोरांबरोबर त्याच बाकावर बसून तेच धडे परत ऐकत होतो. हजेरी नावानं होत नसे, नंबरानं होई. साठ पोरं नियमित होती. मी एकसष्ट.

आण्णा नोव्हेंबरात निवृत्त झाले. नदीकाठच्या हायस्कुलात एकतीस वर्षं गणित शिकवलं होतं. निरोपसमारंभात त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. माणसाला वेळेची गरज संपल्यावर आमच्याकडं घड्याळ देतात. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी होस्टेलवर. जयसिंगपुरातल्या घरात आण्णा आणि ते घड्याळ असे दोघंच.

डिसेंबरात मी घरी टाकून गेलेलं एम-टूचं पुस्तक त्यांनी उचललं. त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, आतल्या पानावर माझ्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं आणि रोज सकाळी देवळातून आले की दोन तास गणितं सोडवायला बसू लागले. त्यांच्या बी.एस्सी.ला बत्तीस वर्षं झाली होती. मधल्या काळात त्यांनी फक्त दहावीचं गणित शिकवलं होतं, आणि ते इतकं शिकवलं होतं की बाकीचं त्याच्याखाली गाडलं गेलं होतं. मी सुट्टीला घरी गेलो की ते विचारत, "हे बीटा-गॅमा कुणी काढलं रे? रिकामटेकडा असणार." पण सोडवत. संक्रांतीपर्यंत तीन धडे झाले. पुढच्या खोलीतल्या भिंतीचा चौकोन त्यांनी स्वतः काळा रंगवला. जूनपासून इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी एम-टूचा क्लास. मला एकदा म्हणाले, "घरात दहा पोरं आली तरी बास. बोलायला तरी मिळेल."

त्यासाठीच ते मार्चात त्या दिवशी कॉलेजात आले होते. आम्हाला एम-टू शिकवणारे प्राध्यापक सुतार हे आण्णांचे जुने विद्यार्थी. त्यांच्याकडं शब्द टाकायचा, चार पोरं पाठवा म्हणायचं, आणि दुपारच्या गाडीनं परत जायचं, असा बेत होता.

सुतार सर स्टाफरूममध्ये चहा पीत होते. आण्णांना बघितल्यावर कप खाली ठेवून उठले आणि सगळ्या प्राध्यापकांसमोर वाकून पाया पडले. आमच्यासमोर हा माणूस कधी मान वाकवत नसे. तासाला यायचे, फळ्याशी बोलायचे आणि जायचे.

"सर, तुम्ही का आलात? मला निरोप द्यायचा. मी आलो असतो घरी."

"बाळकृष्ण, एक काम होतं."

"काम नंतर. आधी बसा." त्यांनी इतरांना सांगितलं, "हे आमचे आवटी सर. यांनी मला भूमिती शिकवली. मी सुताराचा पोर, रंधा मारायला निघालो होतो. यांनी कान धरून वर्गात बसवला."

आण्णांनी क्लासचं सांगितलं. सुतार सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी सांगून पोरं येतील, सर, पण ऐकीव माहितीवर. त्यांनी तुम्हाला बघायला पाहिजे. आत्ता माझा तास आहे. तुम्हीच घ्या."

"मी?"

"एक गणित सोडवा फक्त. तुमचा फळा एकदा बघितला की पोरं घर शोधत येतील."

"चाललंय काय सध्या?"

"मल्टिपल इंटिग्रल्स."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी दारात उभा होतो. मल्टिपल इंटिग्रल्स हा पाचवा धडा. आण्णा गेल्या रविवारी पाचव्यावर आले होते, हे मला माहीत होतं. त्यांनी तसं पत्रात लिहिलं होतं, 'पाचवा सुरू केला, मौज आहे.' मी तेव्हा काही बोलायला हवं होतं. 'आण्णांची गाडी आहे' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मला वाटलं, सुटेल.

"हा तुमचा..." सुतार सर माझ्याकडं हात करून काही म्हणणार होते.

"हा विद्यार्थी आहे तुमचा," आण्णा म्हणाले. "चला."

वर्गात मी नेहमीच्या मागच्या बाकावर बसलो. माझ्या एका बाजूला विलास गुरव आणि दुसऱ्या बाजूला इम्तियाज मुल्ला. दोघं मला 'सीनियर' म्हणत. हा माझा एकमेव हुद्दा.

"सीनियर, हे म्हातारं कोण?" विलासनं विचारलं.

"सरांचे सर."

"धोतरात? गणिताचं पण देऊळ असतं म्हण की."

सुतार सरांनी ओळख करून दिली, फळ्यावर स्वतः गणित लिहिलं आणि मागं येऊन आमच्याच रांगेतल्या कोपऱ्यातल्या बाकावर वही उघडून बसले. डबल इंटिग्रल होतं. ई चा वाय-वर्ग घात. वाय ची मर्यादा एक्स पासून एकपर्यंत, एक्स ची शून्यापासून एकपर्यंत. आधी वाय, मग एक्स.

जे हा धडा शिकलेत त्यांना ते गणित बघताक्षणी ओळखू येतं. ज्या क्रमानं दिलंय त्या क्रमानं ते जन्मात सुटत नाही. तिथं आकृती काढायची, क्षेत्र बघायचं आणि क्रम उलटा करायचा: आधी एक्स, मग वाय. मग चार ओळींत सुटतं. सुतार सरांना ते सोपं वाटलं होतं, कारण सोपं होतंच. मला आयुष्यात मनापासून येणारं एम-टूतलं ते एकच गणित. तेवढ्याच्या जोरावर मी दोनदा नापास झालो होतो.

"करू या," आण्णा म्हणाले आणि दिलेल्या क्रमानंच सोडवायला लागले.

त्यांनी वाय-वर्ग बरोबर टी धरलं. त्यांचं अक्षर सुंदर होतं. ओळ सरळ, बरोबरची चिन्हं एकाखाली एक. छेदात टी चं वर्गमूळ आलं. मग त्यांनी भागशः इंटिग्रेशन लावलं. एका पदाची दोन पदं झाली. दोनाची तीन झाली. फळ्याचा डावा भाग भरला, ते उजवीकडं सरकले.

मी सुतार सरांकडं बघितलं. ते मान हलवत होते आणि प्रत्येक ओळ उतरवून घेत होते. चूक त्यांना पहिल्या ओळीतच कळली असणार. पण ज्याच्या पाया पडलो त्याला साठ पोरांसमोर चुकलात म्हणायचं नाही, ही त्यांची शिकवण होती, आणि ती आण्णांनीच दिली होती. आण्णा मधेच वळून विचारत, "बरोबर, बाळकृष्ण?" आणि बाळकृष्ण म्हणत, "होय, सर."

साठ पोरं खाली मान घालून उतरवत होती. आमच्या वर्गाची रीतच होती. फळ्यावर आलं की वहीत आलं. सुतार सरांनी उद्या फळ्यावर धोब्याचा हिशेब लिहिला असता तरी तो साठ वह्यांत उतरला असता.

"सीनियर," इम्तियाज कुजबुजला, "हे लांबतंय का?"

"लांबतंय."

"संपणार कधी?"

आण्णा थांबले होते. फळ्याकडं तोंड, खडूचा हात छातीशी, डावा हात कमरेवर. घरी आमटीत काही कमी पडलं की ते असेच गॅसपुढं उभे राहत. वर्गात कुणीतरी खोकलं. पुढच्या बाकावरून हसल्यासारखा आवाज आला. तो हसण्याचाच होता की पेन खाली पडलं होतं, हे मी आजतागायत ठरवू शकलेलो नाही. मी उभा राहिलो.

"सर, असं होणार नाही. क्रम बदलावा लागतो."

साठ माना वर आल्या. त्या वर्गात जानेवारीपासून मी पहिल्यांदा तोंड उघडलं होतं.

आण्णा वळले. काही क्षण त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग फळ्याकडं, पहिल्या ओळीकडं.

"बरोबर," ते म्हणाले. "ये. पुढं येऊन करून दाखव."

मी गेलो. त्यांनी खडू माझ्या हातात दिला आणि स्वतः फळा पुसला. दोन्ही भाग, वरपासून खालपर्यंत. मी त्रिकोण काढला, क्षेत्र रेघांनी भरलं, क्रम उलटा केला, चार ओळी. ई वजा एक, भागिले दोन. आत चक्क बरं वाटत होतं, हे सांगितलं पाहिजे.

"शाबास," आण्णा म्हणाले. "नाव काय तुझं?"

वर्ग बघत होता. मागं सुतार सर वहीत डोकं घालून बसले होते.

"सन्मती."

"बस, सन्मती."

मी जागेवर गेलो. विलासनं माझ्या मांडीवर थाप मारली. "सीनियर, म्हाताऱ्याची चड्डीच काढली की."

गाडीला अर्धा तास होता. स्टँडवरच्या बाकड्यावर आम्ही दोघं बसलो. कारखान्याकडून मळीचा वास येत होता. आण्णांनी रुमालानं बोटांवरचा खडू एकेक करून पुसला.

"आकृती काढायला पाहिजे होती आधी," ते म्हणाले. "दहावीच्या पोरांना मीच सांगतो, आकृती काढल्याशिवाय हात लावायचा नाही."

"होतं असं."

"यायला लागलं होतं माझ्या लक्षात. जरा वेळ लागला."

गाडी येते का ते बघायला मी रस्त्याकडं मान वळवली.

"किती वेळ उभा होतो रे मी, नुसता?"

"फार नाही. मिनिटभर."

"मिनिटभर," आण्णा म्हणाले. "बरंच झालं की."

गाडी आली. चढताना त्यांनी काखेतलं पुस्तक मला दिलं. "हे राहू दे तुझ्याकडं. परीक्षा जवळ आली."

"तुम्हाला जूनला लागेल."

"बघू," ते म्हणाले, आणि खिडकीजवळ जागा मिळते का ते बघायला आत गेले.

त्या मे महिन्यात मी एम-टूत त्रेचाळीस गुणांनी पास झालो. पुढं रीतसर इंजिनिअर झालो, पाणीपुरवठ्याच्या खात्यात एकोणतीस वर्षं काढली. नळाला पाणी का येत नाही याची उत्तरं लिहिण्यात एवढी वर्षं गेली आणि त्यात इंटिग्रेशनची गरज एकदाही पडली नाही. मी एकच गणित फळ्यावर सोडवलं, ते त्या दिवशी. इतकी वर्षं मी मनाशी असं धरून होतो की त्यात माझी चूक नव्हती. गणित बरोबर होतं. पडताळून बघितलं तरी उत्तर तेच येतं. असं धरून चालणं मला जमलं असतं, त्या एप्रिलमधली एक दुपार मधे आली नसती तर.

परीक्षेआधीची वाचायची सुट्टी लागली होती. मी घरी होतो, मधल्या खोलीत. पुढच्या खोलीत आण्णा वर्तमानपत्र वाचत होते. दार वाजलं.

"आवटी सर इथंच राहतात का?"

आवाज ओळखीचा होता. इम्तियाज. मागं विलासचंही खाकरणं ऐकू आलं. सुतार सरांनी पत्ता दिल्याचं ते सांगत होते. मी दाराआड उभा राहिलो. बाहेर गेलो असतो तर मी इथं काय करतोय हे सांगावं लागलं असतं.

"या, बसा. पाणी घेणार?"

"नको, सर. क्लासचं विचारायला आलो होतो. एम-टूचा. परीक्षेला वीस दिवस हाईत."

"क्लास नाही."

"सुतार सर म्हणाले, तुम्ही घेणार हाय म्हणून."

"घेणार होतो. आता नाही."

मग इम्तियाज म्हणाला, "सर, खरं सांगू काय? आम्ही मल्टिपल इंटिग्रल ऑप्शनला टाकलं होतं. अख्खा धडा. सगळ्या वर्गानंच टाकलाय."

"का?"

"सुतार सर पहिल्याच ओळीत क्रम बदलून मोकळे होतात. का बदलायचा ते कळतच नाही. विचारलं तर म्हणतात, आकृती बघा. आकृतीत काय बघायचं?"

"मग?"

"तुम्ही तसंच सोडवायला गेला की नाही त्या दिवशी, तेव्हा कळलं. सगळी वही भरली आणि गणित हाय तिथंच. मी घरी जाऊन परत ते सगळं वाचलं, कुठं अडतंय ते बघितलं. तेव्हा डोक्यात शिरलं, की हा रस्ताच बंद हाय. म्हणून फिरून यायचं."

विलास मधे पडला. "दोन दिवसांत अख्खा धडा सोडवला याच्याबरोबर. माझ्यासारख्याला जमला म्हणजे बघा. आमच्या कॉलेजात कुणी मास्तर अडकतच न्हाई, सर. सगळं आधीच तोंडपाठ. त्यामुळं आम्ही कुठं अडकतो ते त्यांना कळत न्हाई."

"मी मुद्दाम नव्हतो अडकलो," आण्णा म्हणाले.

"म्हणूनच की, सर."

मी दाराच्या फटीतून बघितलं. आण्णा घडी केलेलं वर्तमानपत्र गुडघ्यावर ठेवून बसले होते. कितीतरी दिवसांत त्यांचा चेहरा तसा बघितला नव्हता. पाठ सरळ झाली होती. वर्गात कुणी चांगली शंका काढली की ते असे किंचित पुढं सरकून बसत. मला वाटलं, आता ते हो म्हणतील.

"त्या सीनियरनं मधेच खोडा घातला," विलास म्हणाला. "आमच्यात एक इयर डाऊनवाला हाय, मागं बसतो. त्याला लई घाई. तुम्ही तुमचं तुम्ही फिरून आला असता तर अजून कळलं असतं. त्यानं एकदम उत्तरच सांगितलं."

"त्याला काही बोलू नका," आण्णा म्हणाले. "तो बरोबर होता."

"बरोबर होता वो, पण..."

"मुलगा हुशार आहे. आणि धीट आहे. मी चुकत असताना अख्खा वर्ग उतरवत होता, तुम्हीसुद्धा. तो एकटा उठला. तुम्ही त्याच्याकडं जा. त्याला येतं ते."

"तो कुणाशी बोलतच न्हाई, सर."

"विचारून बघा. शिकवेल."

"आणि तुम्ही?"

आण्णांनी गुडघ्यावरच्या वर्तमानपत्राची आणखी एक घडी घातली. माझा हात कडीवर होता. बाहेर जाऊन दोन वाक्यं बोलायची होती. हे माझे वडील आहेत. आणि आण्णा, घ्या की क्लास. दुसरं वाक्य सोपं होतं, पण ते पहिल्याशिवाय म्हणता येत नव्हतं. विलासचा चेहरा कसा होईल, कॉलेजात तो काय सांगत सुटेल, हे मी मोजत राहिलो.

"माझं वय झालं," आण्णा म्हणाले. "आता फळ्यापुढं उभं राहवत नाही."

ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. रोज देवळापर्यंत दोन किलोमीटर चालत जात आणि चालत येत.

पोरं उठली. पायांत चपला घातल्याचा आवाज आला. इम्तियाज म्हणाला, "सर, मत बदललं तर सुतार सरांना सांगा. आम्ही येतो. आणखी पाच-सहा जण हाईत." आण्णा "होय, होय" म्हणाले. फाटकापर्यंत त्यांना सोडायला गेले. परत यायला त्यांनी बराच वेळ लावला.

आत आले तेव्हा मी टेबलाशी बसून पुस्तक उघडं ठेवलं होतं.

"कोण होतं?" मी विचारलं.

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. दाराकडं बघितलं. ते दार कधीच नीट लागत नसे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"पत्ता विचारत होते कुणाचा तरी," ते म्हणाले. "कुठल्या धड्यावर आलास?"

"पाचव्या."

"कर," आण्णा म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले.